स्पॅनिशमधलं 'आंदो/इएंदो' नेमकं कुठे चालतं?

नवशिकी:
खेरुंदियो, म्हणजे क्रियापदाचं 'आंदो/इएंदो'ने संपणारं रूप, बनवता येतं: आब्लार–आब्लांदो, कोमेर–कोमिएंदो, बिबीर–बिबिएंदो. अडतं ते वापरताना. 'उद्या मी माद्रिदला जातेय' याला 'मान्याना एस्तोय येंदो आ माद्रिद' चालेल? आणि 'मला पोहणं आवडतं' यात नादांदो येईल का?

शब्दवेल्हाळ:
दोन्ही नाही चालणार. 'उद्या जातेय' आपण सर्रास म्हणतो, पण एस्तार (असणं) + खेरुंदियो म्हटलं की क्रिया चालू असायला हवी. उद्यासाठी साधा वर्तमानकाळ: 'मान्याना बोय आ माद्रिद'. पोहण्याचं म्हणाल तर खेरुंदियोचं नाम होत नाही, तिथे मूळ रूपच येतं: 'मे गुस्ता नादार'. 'आंतेस दे कोमेर', म्हणजे जेवण्याआधी, यातही तसंच.

एवढं सोडलं तर मी हट्टाने सांगेन, इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीचा हात धरा. 'गात गात आली' म्हणजे 'बिनो कांतांदो'. 'वाचत राहिले' म्हणजे 'सेगी लेयेंदो'. जसंच्या तसं बसतं! सगळ्यात मोठा फायदा 'ती बसलीये' या वाक्यात. इंग्रजीतून विचार करणारा हमखास सेंतांदोकडे वळतो. स्पॅनिश मात्र आपल्यासारखंच 'एस्ता सेंतादा' म्हणतं, बसलेली आहे. 'एस्ता सेंतांदोसे' म्हणजे ती आत्ता, या क्षणी खाली बसतेय. हा फरक मराठी कानाला शिकवावा लागत नाही, आणि तरी आपल्याला तो इंग्रजीतून शिकवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पाथिक:
येबार राहिलं की! 'येबो दोस आन्योस एस्तुदियांदो एस्पान्योल', दोन वर्षांपासून स्पॅनिश शिकतोय. रोजच्या बोलण्यात सतत लागतं.

नवशिकी:
दोघांचेही आभार. दोर्मीरचं (झोपणं) दुर्मिएंदो का होतं? आणि 'ते वाचतेय' मधलं 'ते' कुठे ठेवायचं?

शब्दवेल्हाळ:
'ईर'ने संपणाऱ्या ज्या क्रियापदांचा स्वर वर्तमानकाळात बदलतो, त्यांच्यात इथे ओचा उ आणि एचा इ होतो: दुर्मिएंदो, पिदिएंदो, दिसिएंदो. लेएरचं लेयेंदो होतं कारण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला इ य होतो. 'ते'साठीचा 'लो' दोन्हीकडे चालतो: 'लो एस्तोय लेयेंदो' किंवा 'एस्तोय लेयेंदोलो'. जोडून लिहिलात तर 'ये'च्या स्वरावर आघातचिन्ह द्यायला विसरू नका.