मदत हवी आहे: नव्या स्पोर्ट्स कारचे ट्रॅफिकमधले झटके

मंडळी, मागच्या महिन्यात टू सीटर स्पोर्ट्स कार घेतली, गाडी जीव की प्राण आहे पण तिच्या सवयी अजून अंगवळणी पडत नाहीयेत. सकाळी थंड इंजिन मिनिटभर मोठ्याने गुरगुरतं, ते धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून असतं हे कळलंय, त्याचं काही नाही. खरा त्रास कर्वे रोडला होतो, ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) आहे आणि ब्रेक अर्धवट सोडून सरकवत नेली की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देते, परवा तर क्लच तापल्याचा वास आला, पोटात गोळाच आला माझ्या. आता पुढे नीट जागा होईपर्यंत ब्रेक दाबूनच थांबतो, मागचे हॉर्न वाजवतात. मॅन्युअल मोडवर ठेवून फरक पडतो का? आणि आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तिरपी घेतली तरी पुढचा बंपर खालून घासतो, फ्रंट लिफ्ट (गाडीचं नाक वर उचलणारी सिस्टीम) नंतर बसवली तर वॉरंटी जाते का? पुण्यात रोज अशी गाडी चालवणाऱ्यांनी प्लीज सांगा.