दुधाची पिशवी कडीलाच होती

बी-३०३: काल सकाळचं सगळ्यांना अर्धवट कळलंय, म्हणून नीट लिहिते. ३०४ च्या काकू साडेसहाला दूध आत घेतात. काल साडेआठ वाजले तरी पिशवी कडीलाच. बेल वाजवली. फोन लावला तर आत वाजत राहिला. त्यांची चावी माझ्याकडे असते. कुलूप उघडलं, पण दार हलेना, आतून वरची कडी लावलेली. वॉचमन आणि ह्यांनी ती तोडेपर्यंत वीस मिनिटं गेली. काकू पहाटे चारपासून बाथरूममध्ये फरशीवर होत्या. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, कमरेला मुका मार. भिंतीपलीकडे मी झोपले होते, हे काही केल्या मनातून जात नाही.

बी-३०४, मुलगा (पुणे): ताई, तुमचे उपकार कसे फेडू? मी ठरवलंय, आईला कायमची पुण्याला नेतो.

सी-२०१: दादा, थोडं थांबा. माझ्या वडिलांना आम्ही असंच मुंबईला नेलं. इथे रोज इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायचे, चार मित्र होते. तिथे ओळखीचं कोणी नाही, म्हणून खाली उतरणंच सोडलं. वर्षभरात चालणं गेलं. पडले नव्हते, नुसते बसून राहिले. आधी घर सुधारून बघा.

बी-१०१: आत कॅमेरे बसवून टाका, मोबाईलवर सगळं दिसतं.

ए-१०४: काकूंना विचारल्याशिवाय कॅमेरा नको, ते त्यांचं घर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणारे बरेच जण रात्री लघवीला उठताना पडलेले असतात. झोपेतून एकदम उभं राहिलं की बीपी खाली येतं. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं, मगच उठायचं. गोळ्या डॉक्टरांना एकदा पुन्हा दाखवा. पलंग ते बाथरूम सेन्सरचे छोटे दिवे लावा. दारातलं सुटं पायपुसणं आजच उचला, ते सरकतं. कमोडच्या उजव्या भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा हवा. टॉवेलच्या दांडीवर भार देऊ नये, ती उखडते.

सी-२०१: रबरी कप चिकटवून बसणारा दांडाही घेऊ नका, ओल्या टाइलवर सुटतो. स्क्रूचाच हवा. आणि भिंत कशाची आहे ते आधी बघा. हलक्या सिमेंट ब्लॉकची असेल तर साधा प्लग धरत नाही, त्याचे फास्टनर वेगळे येतात. मी ३० वर्षं बांधकामात काढली, शनिवारी सुतारासोबत स्वतः उभा राहतो.

बी-३०३: आणि कडी! लॅच असताना वरची कडी लावायची नाही, हे सगळ्या आजी-आजोबांच्या घरांसाठी. नाहीतर शेजारच्या चावीचा उपयोग शून्य. बाथरूमलाही बाहेरून उघडणारी कडी बसवा.

सेक्रेटरी: लॉबीचा ग्रॅनाइट पावसाळ्यात निसरडा होतो, ही तक्रार जुनी आहे. खरखरीत पट्ट्या आणि पायऱ्यांना दुसऱ्या बाजूचा कठडा या महिन्यात करून घेतो. नंबर सेव्ह करा: ज्येष्ठांसाठी मोफत एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, सल्ला आणि मदतीसाठी. कोणी पडलं तर थेट १०८ किंवा ११२.

बी-३०४, मुलगा (पुणे): वाचतोय सगळं. आईशी बोललो. ती म्हणते, तिलाच लिहायचंय.

बी-३०४: मी काकू. बोलून टाइप करते आहे, चुका पोटात घाला. पुण्याला सणाला जाईन, राहायला नाही. कडी लावणार नाही, शब्द देते. चावी ३०३ कडेच राहू दे, पण आधी दोनदा बेल वाजवायची. सातपर्यंत दूध आत गेलं नाही तर दार उघडायचं, माझी परवानगी आहे. दांडा मात्र डाव्या भिंतीला लावा. उजवा खांदा दोन वर्षं वर जात नाही, कोणाला बोलले नव्हते.

बी-३०४, मुलगा (पुणे): आई, मलाही नाही सांगितलंस?

ए-१०४: काकू, बरं झालं लिहिलंत. आता डावीकडेच, आणि उंची तुम्हाला बसवून, उठवून ठरवू. खांदाही बघते.

बी-३०४: ये. सुताराला अकरानंतर पाठवा, त्याआधी माझी पूजा असते.