मदत हवी आहे : पीसीआय-ई पॅरलल पोर्ट कार्डाचा खरा पत्ता लिनक्सवर कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याच्या गाळ्यात माझे एक लहान सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारे यंत्र) आहे. ते लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या प्रणालीवर चालते आणि सध्या त्यावर गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफच्या जाळ्या कापण्याचे काम आहे, त्यामुळे थोडी घाई आहे. मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट (यंत्राला संकेत पाठवणारी जुन्या पद्धतीची २५ पिनांची जोडणी) नसल्याने लॅमिंग्टन रोडवरून एक पीसीआय-ई कार्ड आणले होते. त्याचा पत्ता (संगणक ज्या हेक्स, म्हणजे सोळा-आधारी, आकड्याने पोर्ट ओळखतो तो), डी०१०, दुकानातल्या मुलानेच हॅल फाइलमध्ये (लिनक्ससीएनसीच्या जोडण्या लिहिलेल्या फाइलमध्ये) लिहून दिला होता आणि तो त्याला कोठे सापडला हे विचारण्याचे मला तेव्हा सुचले नाही. गेल्या आठवड्यात दमट हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या दिसल्या, म्हणून ते काढून पुसले आणि शेजारच्या स्लॉटमध्ये बसवले. तेव्हापासून पडद्यावर आकडे पळतात, पण मोटरी जागच्या हलत नाहीत.

३७८, २७८ आणि ३बीसी हे ठरलेले पत्ते मदरबोर्डवरच्या जुन्या पोर्टांचे असतात आणि कार्डाला पत्ता संगणक सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरची सुरुवातीची प्रणाली) देते, इतके आता समजले आहे. ‘एलएसपीसीआय -व्ही’ या बसवलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या आदेशामध्ये कार्डाखाली आय/ओ पोर्टच्या दोन ओळी दिसतात, ई०१० आणि ई०००, दोन्ही आठ-आठ पत्त्यांच्या. ‘/प्रॉक/आयओपोर्ट्स’ ही पत्त्यांच्या यादीची फाइल उघडली तर सगळीकडे नुसती शून्ये. कार्ड मेले असे समजून अर्धा दिवस घालवला, आणि मग कळले की ‘सुडो’शिवाय (प्रशासकाच्या अधिकारांशिवाय) ती फाइल खरे आकडे दाखवतच नाही.

या दोहोंपैकी कोणता पत्ता लिहावा? स्पिंडलचा (पाते फिरवणाऱ्या मोटरीचा) रिलेही याच पोर्टवर असल्यामुळे ‘एकेक करून पाहा’ हा मार्ग मला नको आहे.

प्रतिसाद

प्रथम स्पिंडलचा आणि मोटर ड्रायव्हरांचा वीजपुरवठा बंद करावा.

दोन ओळींपैकी एक मूळ पत्ता आहे : तेथे डेटा, पुढच्या घरात स्टेटस आणि त्यापुढे कंट्रोल रजिस्टर (पोर्टाशी देवाणघेवाणीचा कप्पा) असते. दुसरी ईसीपी (पोर्टाची वेगवान पद्धत) रजिस्टरांची आहे. जुन्या पोर्टात ती मूळ पत्त्यात हेक्स ४०० मिळवले की सापडत, म्हणजे ३७८ ला ७७८. पीसीआय कार्डांत त्यांना वेगळा पत्ता मिळतो. ओळींच्या क्रमावरून मात्र अंदाज बांधू नये, कारण दोन पोर्टांच्या काही कार्डांत तो क्रम भलताच असतो.

‘पारपोर्ट_पीसी’ हे पॅरलल पोर्ट हाताळणारे मॉड्यूल चढलेले असेल तर कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ही निवड आधीच केलेली आहे. ‘सुडो डीमेसेज’ या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आदेशामध्ये ‘पारपोर्ट’ शोधावे. त्या ओळीत कंसाबाहेरचा आकडा मूळ पत्ता आणि कंसातला ईसीपीचा. ‘/प्रॉक/सिस/डेव्ह/पारपोर्ट/पारपोर्ट०/बेस-ॲडर’ या फाइलमध्येही हीच जोडी मिळते, परंतु दशमान पद्धतीत, त्यामुळे ई०१० तेथे ५७३६० असा दिसेल आणि आपण पुन्हा गोंधळाल.

खात्रीसाठी हॅलमधून पिन २ चालू-बंद करून पिन २५ च्या तुलनेत मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. काही कार्डे ५ ऐवजी ३.३ व्होल्टच देतात, आणि मग पुढचा ब्रेकआउट बोर्ड (पोर्टाच्या पिना ड्रायव्हरांना जोडणारा) तो संकेत ओळखेलच असे नाही.

आणि फाइलमध्ये पत्ता लिहूच नये. त्या जागी नुसते ० लिहिले की ‘हॅल_पारपोर्ट’ (हॅलचा पोर्ट चालवणारा भाग) कर्नलने पहिला म्हणून नोंदवलेला पोर्ट घेते. आपल्या मदरबोर्डवर दुसरा पोर्ट नसल्याने येथे घोळ होणार नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. ओळीत ई०१० बाहेर आणि ई००० कंसात आहे; पिन २ वर ४.७ व्होल्ट मिळाले. फाइलमध्ये ० लिहिल्यावर तिन्ही मोटरी हलल्या. मुद्दाम कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये परत बसवून पाहिले : पत्ता पुन्हा डी०१० झाला, पण या वेळी फाइलला हात लावावा लागला नाही.