बंद सभागृहाची किल्ली: तुमच्या भागात काय झालं?

आमच्या वॉर्डात पालिकेचं एक बहुउद्देशीय सभागृह आहे. दारात आमदार निधीतून बांधल्याची काळी ग्रॅनाइटची पाटी, पाटीवर अकरा नावं. आत स्टेज, मागे दोन खोल्या, एक मोरी. गेल्या वर्षी मी कालनिर्णयावर खुणा करून मोजलं, ४१ दिवस उघडं होतं. त्यात लग्नं, बारशी, मतदान, पोलिओचा रविवार आणि नाल्याचं पाणी घरांत शिरलं ते तीन दिवस धरले आहेत. बाकी ३२४ दिवस कुलूप. समोरच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी सात-आठ आजोबा एकाच पेपरची पानं वाटून घेऊन वाचत बसतात आणि पाऊस आला की पांगतात.

फंड नाही, माणूस नाही ही कारणं ऐकून झाली. मी एवढंच विचारत फिरलो की किल्ली कुणाकडे असते. चौघांनी चार नावं सांगितली.

समाजमंदिर, विरंगुळा केंद्र, सोसायटीचं क्लब हाऊस, मंडळाची खोली, तुमच्याकडे असलं काही जागतं झालं असेल तर लिहा. फसलं असेल तर आधी लिहा. सल्ले नकोत, काय घडलं ते सांगा.

मिरजेच्या आजी

आमच्या कॉलनीतल्या विरंगुळा केंद्रात पुरुष मंडळी रमी खेळायची. बायका येत नाहीत, बायकांना हौसच नाही, असं अध्यक्ष दरवर्षी भाषणात म्हणायचे. भजनासाठी या म्हणून बोर्डही लावला. आम्ही दोन मंगळवार गेलो, तिसऱ्याला कुणी गेलं नाही. कारण सांगायची लाज वाटत होती, पण आता सत्तरी उलटल्यावर कसली लाज. संडास होता, पण त्यात मोडक्या खुर्च्या रचलेल्या. आमच्या वयाच्या बाईनं दोन तास बसायचं तरी कसं?

मी अर्ज दिला. तीन महिने तो फिरत राहिला. मग आम्ही चौघींनी वर्गणी काढली, प्लंबर आणला, आतून कडी बसवून घेतली आणि एक बादली-तांब्या ठेवला. खुर्च्या रमीच्या टेबलाशेजारी आणून ठेवल्या, म्हणजे दिसत राहतील. आता मंगळवारी आणि शुक्रवारी पंचवीस-तीस जणी असतो. भजन थोडं आणि गुडघ्यांचे व्यायाम जास्त. गॅसच्या नंबराला आधार जोडताना ओटीपी कुठे येतो, हेही तिथेच शिकलो.

पिंपळपार

आमच्या गावचं समाजमंदिर दलित वस्ती सुधार योजनेतून झालेलं. मी त्याच वस्तीतला, म्हणून जरा लांबण लावतो.

एका वळवाच्या पावसात अंगणवाडीचे पत्रे उडाले. अंगणवाडी तात्पुरती समाजमंदिरात आणायचं ठरलं. वरच्या आळीतल्या काही घरांनी लेकरं धाडलीच नाहीत. तोंडानं कुणी काही बोललं नाही, ‘लांब पडतंय’ एवढंच म्हणाले. जुन्या जागेपेक्षा शंभर पावलं जवळच होतं. अंगणवाडीताई मोठी खमकी. तिनं नर्सबाईंना सांगून लसीकरणाचा दिवसही तिथंच लावला, वजनकाटाही तिथंच. लेकराला डोस पाजायचा तर यावंच लागणार. आल्या बाया. पहिल्यांदा ओसरीवर उभ्या राहिल्या, पुढच्या महिन्यात आत सतरंजीवर बसल्या. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नव्हतं.

पत्रे बसले, अंगणवाडी परत गेली आणि समाजमंदिरात सोयाबीनची पोती आली. कुणाची ते सगळ्या गावाला ठाऊक. १ मेच्या ग्रामसभेत मी उठून बोललो. ठराव झाला, पोती तिथंच. १५ ऑगस्टला परत बोललो, पोती तिथंच. २ ऑक्टोबरला ग्रामसेवकच मला म्हणाले, ‘तुमचा विषय आधीच लिहून ठेवलाय.’

शेवटी १४ एप्रिलच्या आधी रंगरंगोटी करायची म्हणून वस्तीतल्या पोरांनी एका रात्रीत सगळी पोती काढली. फेकली नाहीत. मोजून, नीट थप्पी लावून मालकाच्या ओट्यावर ठेवली, वर ताडपत्री झाकली. सकाळी तो मालक काय बोलणार? पोती तर बरोबर भरली.

आता तिथं अभ्यासिका आहे. पोलीस भरतीची पोरं पहाटे मैदानावर धावून येतात, पाय धुतात आणि बसतात. वरच्या आळीतले सात जण आहेत. लाइटबिल महिन्याला वाटून घेतात, वही भिंतीला टांगलेली आहे. एकच गोष्ट सलते. आता सगळे त्याला ‘अभ्यासिका’ म्हणतात, वस्तीतली पोरंसुद्धा. ‘समाजमंदिर’ म्हणणारी आमची म्हातारी माणसं तेवढी उरली.

गिरणगावकर

तुमच्या पगारपत्रकात जून आणि डिसेंबरमध्ये एक किरकोळ कपात दिसते, ‘एमएलडब्ल्यूएफ’ नावाची. मी एका कंपनीत हिशेब बघतो. कित्येक वर्षं मी ती लोकांच्या पगारातून कापत आलो, पण ती जाते कुठे हे विचारलं नव्हतं. ती जाते महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे. कायदा १९५३ चा. त्यात मालकाचाही वाटा असतो, कामगारापेक्षा जास्त. त्यातूनच कामगार कल्याण केंद्रं चालतात: शिवणवर्ग, शिशुमंदिर, वाचनालय. वडील गिरणीत होते तेव्हा त्यांना हे तोंडपाठ असायचं. कामगार नाट्यस्पर्धेच्या तालमी बघायला ते मला खांद्यावरून न्यायचे.

गिरण्या गेल्या, आम्ही काचेच्या इमारतींत गेलो. कामगार म्हणजे आपण नव्हे, अशी आपली समजूत. मागच्या पावसाळ्यात पगारपत्रक घेऊन केंद्रावर गेलो. लेकीला परीक्षेसाठी बसायला जागा हवी होती, घरी दहा बाय बारात पाच माणसं. जागा मिळाली. ऑफिसात सांगितलं तर पोरं म्हणाली, ‘आपल्याला चालतं?’ अरे, पैसे तुमचेच आहेत!

क्लब हाऊसचा माजी सेक्रेटरी, पुणे

आमचं आधी फसलेलं. वाचनालय काढायचं म्हणून पुस्तकं दान करा असं आवाहन केलं. पंधरा दिवसांत चार कपाटं भरली. बारावीची गाइडं, एका बँकेच्या डायऱ्या, मायक्रोवेव्हची माहितीपुस्तिका. लोकांनी रद्दीवाल्याचा फेरा वाचवला, दुसरं काय.

दुसरी गोष्ट. दुपारी दोन ते पाच क्लब हाऊस रिकामंच असतं, तेव्हा सोसायटीत कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांना तिथे अभ्यासाला बसू द्यावं असा विषय मी सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मांडला. पार्किंगवर पावणेदोन तास चर्चा झाली, या विषयावर चार मिनिटं. ‘उद्या काही गेलं तर जबाबदार कोण?’ तिथे जाण्यासारखं म्हणजे टेबल टेनिसचं टेबल, आणि ते बाहेर काढायला सहा माणसं लागतात. विषय पडला. आता मुलं जिन्याखाली बसतात, वॉचमनकाकांच्या पंख्याच्या वाऱ्यात. मी सेक्रेटरीपद सोडलं, त्याचं हे एकमेव कारण नव्हे, पण एक आहे.

सध्या सिंगापूर

इथे सरकारी इमारतींचा तळमजला बहुतेक ठिकाणी मोकळा सोडलेला असतो, नुसते खांब. त्याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. एका आठवड्यात तिथे मलय लग्नाचा मांडव लागतो, पुढच्या आठवड्यात चिनी घरातली मयत असते. पाहुणे, टेबलं, पंखे, सगळं तिथेच. इतर वेळी म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळतात. दार नाही, त्यामुळे कुलपाचा प्रश्नच नाही. कम्युनिटी क्लब वेगळे. ते पीपल्स असोसिएशन चालवते, १९६० पासून. बॅडमिंटनचं कोर्ट फोनवरून आरक्षित करायचं आणि पैसे भरायचे. सोयीच्या वेळा मिनिटांत संपतात, ती डोकेदुखी आहेच. पण आत कोण आहे आणि कधीपर्यंत, हे कुणालाही बघता येतं. आमच्या चाळीत हॉल कुणी घेतलाय हे कळायला मुन्नाच्या टपरीवर जावं लागायचं. अर्थात त्या टपरीवर चहाही मिळायचा.

नाव नको

आमची अभ्यासिका चांगली दोन वर्षं चालली. निवडणूक लागली तेव्हा ‘आठच दिवस’ म्हणून फ्लेक्स ठेवायला एक खोली मागितली. निकाल लागून गेला, फ्लेक्स आहेत. पडलेल्या उमेदवाराचे आहेत, त्यामुळे न्यायलाही कुणी येत नाही. मुलं बस स्टँडच्या वरच्या मजल्यावर बसतात.

धागा काढणारा

सगळं वाचून राहवलं नाही, म्हणून किल्लीचा माग काढला. हॉलची किल्ली मंडपवाल्याकडे निघाली, मतदान असो की बारसं, तोच उघडतो. मागच्या खोल्यांची मात्र त्याच्याकडे नव्हती. ती पालिकेच्या एका शिपायांकडे, आणि ते निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. कुणी मागायलाच आलं नाही म्हणाले. देवघराशेजारच्या डब्यातून जुडगा काढून दिला, अकरा किल्ल्या. कुठली कशाची हे त्यांनाही आठवेना.

सहावी लागली. आत कोळ्यांची जाळी, एक ढोल आणि भिंतीला टेकवलेले तीन कॅरम बोर्ड, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेले. सोंगट्या होत्या, स्ट्रायकर होते. पावडर कट्ट्यावरच्या एका आजोबांनी घरून आणली.