सरचार्ज भरला तरी औषधं फुकट नाहीत
"सरचार्ज भरलाय म्हणजे तिकडे सगळं फुकट, इथून गोळ्यांचं ओझं कशाला" असं ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यांना बरेच जण सांगतात, ते अर्धंच खरं. स्टुडंट व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हा सरचार्ज, वर्षाला ७७६ पौंड, भरला की डॉक्टरला भेटायचे पैसे पडत नाहीत. पण इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या दर औषधामागे ९.९० पौंड मोजावे लागतात (स्कॉटलंड-वेल्समध्ये नाही). दात आणि चष्मा तर इथेच उरकून जावं.

माझ्या भाचीला थायरॉइड. इंग्लंडमधल्या लीड्सला जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, पण चिठ्ठीवर नुसतं आपल्याकडचं ब्रँडचं नाव, तेही डॉक्टरी अक्षरात! तिथल्या डॉक्टरला काही लागेना. शेवटी ताईने इथून 'लेव्होथायरॉक्सिन, ५० मायक्रोग्रॅम' असं मूळ औषधाचं नाव आणि डोस टाइप केलेलं पत्र आणि टीएसएचचा (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट पाठवला. शिवाय जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव आपणहून नोंदवावं लागतं. बाईसाहेबांनी ते गोळ्या संपत येईपर्यंत टाळलं होतं.

सहसा कुणी न सांगणारी गोष्ट म्हणजे, थायरॉइडची गोळी कायमची चालू असेल तर इंग्लंडमध्ये मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं. फॉर्म जीपीकडेच असतो. ते हातात आलं की चिठ्ठीवरची सगळीच औषधं फुकट, नुसती थायरॉइडची नव्हे. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही मिळतं. दमेकऱ्यांना मात्र नाही, हा कुठला न्याय कोण जाणे.