'बॅकअप ओके'चा मेल रोज येतो, फाईल मात्र २० बाइटची

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या मालकांचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे, मी खरं तर अकाउंटला, पण ऑफिसात कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं ते मलाच, त्यामुळं सर्व्हर पण माझ्याच गळ्यात. उबुंटूचं एक मशीन, त्यावर ऑर्डर आणि चलनांचा मायएसक्यूएल डेटाबेस. आधीच्या पोरानं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) लावून ठेवलाय, रात्री दोनला बॅकअप, मग जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाईली, उडवायचे, मग डिस्क किती भरली ते बघायचं आणि प्रत्येकाचा वेगळा मेल. म्हणजे सकाळी चहाच्या आधी तीन मेल, तिन्हीवर ओके. दोन महिने उघडून बघितले, मग फिल्टर लावून एका फोल्डरात ढकलले. परवा एका पार्टीचं चलन चुकून डिलीट झालं म्हणून बॅकअप काढायला गेलो तर फाईल २० बाइट! कालची, परवाची, सगळ्या २०. स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) पाइप करून, म्हणजे त्याचं आउटपुट थेट, जीझिपला (फाईल दाबून लहान करणारी) दिलंय एवढं कळलं. हे मेल खरं कधी बोलणार ओ?

कडक_भाकरी:
२० बाइट म्हणजे काहीच इनपुट न मिळालेलं जीझिप. पाइपमध्ये एक्झिट कोड (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे जमलं) शेवटच्या कमांडचा धरला जातो, डम्प मेला तरी जीझिप शून्य देतं आणि स्क्रिप्टला वाटतं झालं काम. आत माल नसताना गाठ बांधून ट्रान्सपोर्टला दिली, पावती मात्र पक्की, तसलं. स्क्रिप्टमध्ये 'set -o pipefail' टाका, मग पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळतं, पण पहिल्या ओळीत बॅश (कमांड चालवणारं शेल) हवं, उबुंटूत नुसतं एसएच म्हणजे डॅश हे दुसरं शेल, तिथं बहुतेक व्हर्जनला ते कळत नाही. आणि डम्प पूर्ण झाला की फाईलच्या शेवटी 'डम्प कम्प्लिटेड' अशी ओळ येते, झेडकॅटनं (दाबलेली फाईल वाचणारी कमांड) ती आहे का बघा, मगच ओके म्हणा.
डम्प का मरतोय ते आधी सांगा. एरर कुठं जातेय?

टॉवेलवाला_सोलापूर:
सापडलं!! डम्पच्या एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यातच, ढकलल्या होत्या. ते काढून हातानं चालवलं तर 'ॲक्सेस डिनाइड'. डेटाबेसचा पासवर्ड मागं मीच बदलला होता की, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. आता कुणाला शिव्या द्यायच्या.
अजून एक, लॉग उडवायची ओळ थेट क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) आहे, नावात तारीख घालून टार करते, म्हणजे सगळ्यांची एक फाईल बांधते, आणि मग जुने काढते. हातानं चालते, क्रॉनमध्ये नाही.

जुना_ॲडमिन:
तारखेत टक्क्याची खूण असेल बघा. क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवी ओळ, तिथंच कमांड तुटते. आधी बॅकस्लॅश द्या नाहीतर ओळ उचलून स्क्रिप्टमध्ये टाका. खरं म्हणजे जुने लॉग आपोआप काढायला लॉगरोटेट आहे ना, कशाला हा उद्योग.
मेलचं असं, क्रॉनटॅबमध्ये मेलटू (मेल कुणाला जायचा तो पत्ता) लावलं की कामानं जे काही छापलं ते क्रॉन मेल करतो, काही छापलंच नाही तर मेल नाही. म्हणून सगळं नीट झालं तर गप्प, बिघडलं तरच बोलायचं. रोजचे ओके बंद करा, ते कुणी वाचत नाही, तुम्ही पण नाही वाचले. जीमेलवरून पाठवत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या, पोर्ट ५८७.

लूमच्या_शेजारी:
गप्प राहणं ठीक आहे पण मशीनच बंद असलं तरी पण गप्पच ना? आमच्याकडं रात्री लाईट गेली, यूपीएस बसला, दोन वाजता क्रॉनच नव्हता आणि सकाळी मशीन चालू झाल्यावर चुकलेलं काम तो परत करत नाही. आम्ही क्रॉनऐवजी सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा) टायमर लावलाय, त्यात परसिस्टंट चालू ठेवलं की मशीन उठल्यावर राहिलेलं काम होतं. आणि बॅकअपची फाईल एका दिवसापेक्षा जुनी झाली का, तिची साईज अचानक घटली का, हे दुसऱ्या मशीनवरून बघतो आणि मेल पण तिथूनच जातो. जे मशीन आजारी तेच डॉक्टरला फोन करणार असं नको भावा.

टॉवेलवाला_सोलापूर:
बरोबर. काल रात्रीची फाईल ३८ एमबी, शेवटची ओळ आहे, दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर करून आठवड्याची चलनं पण उघडून बघितली. डिलीट झालेलं चलन मात्र गेलंच, पार्टीकडनं त्याची झेरॉक्स मागवलीय.