मदत हवी आहे : जपानीत लिहिणारे कोरियन लेखक

नमस्कार मंडळी. जपानी राजवटीत (१९१०-४५) कोरियातून जपानला गेलेल्या लेखकांविषयी वाचते आहे, पण पुढे काय वाचावं ते कळत नाहीये.

सुरुवात किम सा-र्यांग यांच्यापासून केली. जन्म १९१४, प्योंगयांग. पुढचं शिक्षण टोकियोत. त्यांनी जपानीत लिहिलेली ‘हिकारी नो नाका नी’ ही कथा १९३९ ची, तिला अकुतागावा या जपानमधल्या मानाच्या साहित्य पुरस्काराचं नामांकन होतं. त्यातल्या कोरियन शिक्षकाचं आडनाव नाम, पण मुलं त्याला जपानी पद्धतीने मिनामी म्हणतात आणि तो ते चालवून घेतो. त्याच्याकडे येणारा एक मुलगा तर आपली आई कोरियन आहे हेच दडवू पाहतो. ही घुसमट माझ्या मनातून जात नाही. कवी युन दोंग-जू मात्र जपानमध्ये शिकतानाही कोरियनमध्येच लिहीत राहिले. १९४५ मध्ये जपानमधल्या फुकुओकाच्या तुरुंगातच ते वारले. तरीही जपानीत लिहिणाऱ्या सगळ्यांना सरसकट फितूर ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

किम यांच्या कथांचे इंग्रजी, हिंदी किंवा मराठी अनुवाद कुठे मिळतील? जपानीत लिहिणारे दुसरे कोरियन लेखक जांग ह्योक-जू पुढे जपानी राजवटीच्या बाजूला झुकले, त्यांच्यावर समजुतीने लिहिलेलं काही आहे का? जपानी किंवा कोरियन जाणणाऱ्यांनी कृपया जरूर सांगावं.